कायद्याचा तास: गोव्यातल्या नव्या शिक्षकाने सुरुवात कुठून करावी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मला तर बावीस मुलांना घेऊन चढायची होती. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात बोलावणं आलं, "राज्यशास्त्र तुमच्याकडेच आहे ना, मग लीगल स्टडीजही तुम्हीच घ्या," आणि विषय गळ्यात पडला. कायद्याची पदवी नाही. कोर्टाशी संबंध आलेला तो वडिलांच्या जमिनीच्या कामात एक-चौदाच्या उताऱ्यावरचं नाव दुरुस्त करून घेण्यापुरता. गोव्यात बरेच शिक्षक या विषयाला असेच लागतात, म्हणून हे लिहितो आहे. अकरावी-बारावीला कायदा घेतलेल्या मुलांना आणि शिकवणी घेणाऱ्यांनाही यातलं बरंच चालेल.

पहिली पायरी: आधी अभ्यासक्रम, मग पुस्तक, गाइड सगळ्यात शेवटी

सीबीएसईचा लीगल स्टडीज हा अकरावी-बारावीचा ऐच्छिक विषय आहे, कोड ०७४. लेखी परीक्षा ८० गुणांची आणि प्रकल्प २० गुणांचा. अकरावीला राज्यसंस्था, कायद्याचे स्रोत, भारतीय न्यायव्यवस्थेचा इतिहास, दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांचं काम, कुटुंब कायदा. बारावीला न्यायपालिका, मालमत्ता-करार-अपकृत्य (टॉर्ट, म्हणजे ज्याची भरपाई मागता येते असं दिवाणी चुकीचं कृत्य)-गुन्हा हे चार मोठे विषय, लवाद आणि ट्रायब्युनल, मानवी हक्क, वकिली व्यवसाय, विधी सेवा, आंतरराष्ट्रीय कायद्याची तोंडओळख आणि लॅटिन सूत्रं. अभ्यासक्रम, मंडळाची पाठ्यपुस्तकं, नमुना प्रश्नपत्रिका आणि त्यांची गुणदान योजना हे सगळं सीबीएसईच्या शैक्षणिक संकेतस्थळावर फुकट मिळतं. चालू वर्षाचा अभ्यासक्रम छापून घ्या आणि पाठ्यपुस्तकात जे वगळलंय त्यावर पेन्सिलीने काट मारा. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही आणि परीक्षेला नसलेल्या धड्यावर तीन तास घालवले.

गोवा बोर्डाच्या मुलांपुढे कायदा येतो तो राज्यशास्त्रातून, संविधानाच्या वाटेने. त्यांच्यासाठी अकरावीचं एनसीईआरटीचं संविधानावरचं पुस्तक पुरेसं आहे, आणि सीबीएसईच्या मुलांनाही पहिल्या दोन प्रकरणांसाठी तेच वाचायला सांगा. मंडळाच्या पाठ्यपुस्तकापेक्षा ते पुष्कळ चांगलं लिहिलेलं आहे.

दुसरी पायरी: मूळ कलम वाचायला शिकवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मुलं कलमाचा सारांश पाठ करतात, कलम कधीच वाचत नाहीत. शिक्षकही वाचत नाहीत, मीही वाचत नव्हतो. मूळ अधिनियम केंद्र सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर मोफत आहेत, गोव्याचे राज्य कायदेही तिथे सापडतात. संविधान मराठीतही उपलब्ध आहे. ते वर्गात ठेवा, पण पेपर इंग्रजीत असल्याने कलम इंग्रजीत वाचायची सवय लावावीच लागते.

मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात नारळ घेऊन वर्गात जातो. सोललेला नव्हे, सोडणासकट. तो टेबलावर ठेवतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ चं पहिलं पोटकलम, म्हणजे चोरीची व्याख्या, फळ्यावर जशीच्या तशी उतरवतो. वाक्य एकच आहे, पण लांबलचक. मुलांना त्याचे तुकडे पाडायला लावतो. पाच तुकडे निघाले पाहिजेत: वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नसावी, घेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक हवा, आणि नेण्यासाठी वस्तू जागची हललेली हवी. पाचवा तुकडा मुलांना पटत नाही. त्यांना वाटतं, घरी नेल्याशिवाय चोरी कसली? "घरी नेली पाहिजे असं कुठल्या शब्दात लिहिलंय, दाखव," एवढंच विचारायचं. मग सगळा वर्ग पहिल्यांदाच फळ्यावरचं वाक्य नीट वाचतो.

पुढे प्रश्न सुरू. नारळ शेजाऱ्याच्या माडावर आहे, तो जंगम आहे का? कलमाखालचं पहिलं स्पष्टीकरण सांगतं की जमिनीला जोडलेली वस्तू जोडलेली असेपर्यंत चोरीचा विषय होत नाही. तोडली की होते. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, अर्ध्या माडावर आहे, तोवर चोरी झालेली नाही. कोयता बसला, नारळ खाली आला, की दुसरं स्पष्टीकरण कामाला येतं: तोडणं आणि हलवणं एकाच कृतीत झालं तरी ती चोरी होऊ शकते. बरं, हद्दीचा दगड पावसात सरकला आणि माड आपलाच समजून पाडला तर? चौथा तुकडा पडला. हेतू अप्रामाणिक नाही.

मागच्या बाकावरून हमखास एक प्रश्न येतो, आणि तो कोंकणीतच येतो: "सर, नाल्ल आपसूक पडलो जाल्यार?" म्हणजे शेजाऱ्याच्या माडाचा नारळ आपोआप आमच्या अंगणात पडला आणि आईने तो उचलून रस्स्यात घातला तर? मी याचं उत्तर देत नाही. वर्गाचे दोन भाग करतो. एक गट म्हणतो ताबा शेजाऱ्याचाच, माड त्याचा आहे. दुसरा म्हणतो आमच्या अंगणात पडलेल्या वस्तूवर त्याचा ताबा कसला. मालकी आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी न सांगता त्यांच्या तोंडून बाहेर येतं. गावात यावरून खरी भांडणं होतात, त्यामुळे उदाहरणांची कमतरता पडत नाही.

शेवटी दुसरं पोटकलम. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पण खाली परंतुक, म्हणजे नियमाला घातलेला अपवाद, आहे: मालाची किंमत ५००० रुपयांहून कमी असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. परंतुक वाचायला चुकलं की अख्खं उत्तर चुकतं हे एवढ्या एका नारळावर समजतं.

कलम, पोटकलम, परंतुक, स्पष्टीकरण, उदाहरण. या पाच गोष्टी ओळखता आल्या की मूल कुठलाही अधिनियम उघडून वाट काढू शकतं. त्यानंतर चोरीच्या जागी करार, अपकृत्य, काहीही ठेवा, पद्धत तीच.

तिसरी पायरी: जुने क्रमांक की नवे?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम जाऊन त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. दंड संहितेत ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. खून ३०२ वरून १०३ वर गेला, फसवणूक ४२० वरून ३१८ वर, चोरी ३७८-३७९ वरून ३०३ वर. बोलण्यातला चारशेवीस मात्र चारशेवीसच राहिला, तो कुठलीही संसद बदलू शकत नाही.

बाजारातली जुनी गाइडं अजून जुन्या क्रमांकांनी भरलेली आहेत. अशाच एकातून मी आयता तक्ता उचलला आणि वर्गात ३०२ शिकवून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी एका मुलीने हात वर केला, तिचे मामा वकील. तेव्हापासून प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर जुन्या-नव्या क्रमांकांचा कागद चिकटवलेला असतो, आणि तो मुलंच तयार करतात, इंडिया कोडवर दोन्ही कलमं शेजारी उघडून.

एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगा: जुना कायदा संपूर्ण मेलेला नाही. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागू होते. कृत्य घडलं तेव्हा जो कायदा अमलात होता त्याचा भंग झाला असेल तरच दोषी ठरवता येतं, हे संविधानाच्या अनुच्छेद २० चं पहिलं खंड सांगतं. म्हणून वर्तमानपत्रात आजही ३०२ ची बातमी दिसते. मुलांनी ती आणून "सर, तुम्ही चुकीचं शिकवलंत" म्हटलं तर आनंद माना, धडा आयता हातात आला.

चौथी पायरी: शब्दांची वही

आमची मुलं घरी कोंकणी बोलतात, नवप्रभा किंवा तरुण भारत मराठीत वाचतात आणि पेपर इंग्रजीत लिहितात. त्यामुळे तीन रकान्यांची वही हवीच: इंग्रजी शब्द, मराठी कायदेशीर शब्द, आणि तिसऱ्या रकान्यात स्वतःच्या शब्दांत घरातलं एक वाक्य. मराठी शब्दासाठी महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश वापरा, तो ऑनलाइन शोधता येतो. अंदाजाने भाषांतर करू देऊ नका. करारातल्या ‘कन्सिडरेशन’चं एकाने ‘विचार’ असं केलं आणि सगळं उत्तर विचार करण्यावर लिहिलं. तिथला शब्द प्रतिफल, म्हणजे मोबदला. ‘सूट’ म्हणजे दावा. ‘व्हॉइड’ म्हणजे मुळातच शून्य आणि ‘व्हॉइडेबल’ म्हणजे एका पक्षाच्या इच्छेने रद्द होऊ शकणारा. या दोघांतला फरक करारावरच्या प्रश्नात पुन्हा पुन्हा लागतो. ‘शॅल’ आणि ‘मे’ या दोन साध्या शब्दांसाठी तर अख्खं पान राखून ठेवा.

मोठ्यांना विचारण्याचा गृहपाठ अधूनमधून द्या. कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), भाटकार (जमीनमालक), कोमुनिदाद (गावाची सामुदायिक जमीन सांभाळणारी संस्था) हे शब्द गोव्यातल्या आजी-आजोबांना पाठ्यपुस्तकापेक्षा चांगले माहीत आहेत, कारण त्यांनी ते भोगलेत. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांच्यावर एका आजीने नातवाला सांगितलेली दोन पानं माझ्याकडे अजून आहेत. मालमत्ता कायद्याच्या धड्याची सुरुवात मी त्यांनीच करतो.

पाचवी पायरी: खटले थोडे, पण झोपेतून उठवलं तरी सांगता येतील असे

गाइडं शंभर खटल्यांची यादी देतात. वीस पुरतात. प्रत्येकाला वहीत पाच ओळी: काय घडलं, वाद काय, न्यायालयाने काय ठरवलं, का, आणि आपल्या कुठल्या धड्यात उपयोग. पाचांहून जास्त ओळी लिहू देऊ नका, नाहीतर मुलं निकालपत्रच उतरवून आणतात.

गोष्ट असलेले खटले आधी घ्या. १९०३ चा मोहरी बीबी खटला: अल्पवयीनाने मालमत्ता गहाण ठेवून कर्ज घेतलं, करार मुळातच शून्य ठरला. १८९३ चा कार्लिल खटला: औषध वापरूनही फ्लू झाला तर १०० पौंड देऊ अशी जाहिरात करणाऱ्या कंपनीला ते द्यावे लागले. १९३२ चा डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन: जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय होती असं एका बाईचं म्हणणं, आणि त्यातून निष्काळजीपणाचा आधुनिक कायदा उभा राहिला. ही गोगलगाय मुलं जन्मात विसरत नाहीत. संविधानासाठी १९७३ चा केशवानंद भारती खटला: तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, संसदेला संविधान दुरुस्त करता येतं पण त्याची मूलभूत चौकट मोडता येत नाही.

आणि मग घराजवळचे. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातल्या लोहखनिजाच्या लीजांचं दुसरं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. डिचोली, सांगे, कुडचडे भागातल्या मुलांना हा निकाल वाचून दाखवायची गरज नाही, त्यांच्या दारात ट्रक उभे राहिलेले त्यांनी पाहिले आहेत. २०१४ चा त्याआधीचा निकाल जोडून घ्या, म्हणजे नैसर्गिक संपत्ती कोणाची, या प्रश्नावर एक तास रंगतो. मात्र वर्गात बाजू घेऊ नका. खाणीवर पोट असलेलं आणि खाणीने विहीर आटलेलं, अशी दोन्ही घरं एकाच बाकावर बसलेली असतात.

ट्रायब्युनल म्हणजे काय ते म्हादई नदीवरून शिकवा. आंतरराज्य नदीपाण्याचा तंटा, संविधानाचा अनुच्छेद २६२, १९५६ चा कायदा, २०१० साली नेमलेलं ट्रायब्युनल, २०१८ चा निवाडा. पाठ्यपुस्तकातली ट्रायब्युनलांची यादी याच्यापुढे फिकी पडते.

निकालपत्रं वाचायची तर सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर पोर्टलवर मोफत आहेत, काहींची मराठी भाषांतरंही तिथे आहेत. शोधायला इंडियन कानून हे संकेतस्थळ सोपं. पण मुलांना अख्खं निकालपत्र देऊ नका. शिक्षकाने दोन परिच्छेद निवडून छापून आणावेत.

कुटुंब कायदा: इथे गोव्यातला शिक्षक अडतो

ही वेगळी पायरी नाही, पण याच्यावर लिहिल्याशिवाय हा लेख गोव्याचा होणार नाही. अकरावीचं कुटुंब कायद्याचं प्रकरण धर्मनिहाय वैयक्तिक कायदे शिकवतं: १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम, १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम, मुस्लिम कायदा वगैरे. मुलगा घरी जाऊन सांगतो, आई म्हणते, "आमच्याकडे असं नाही." आणि आई बरोबर असते.

पोर्तुगीजांची १८६७ ची नागरी संहिता गोव्यात लागू झाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी १९६२ च्या केंद्रीय कायद्याने इथले चालू कायदे, बदलले जाईपर्यंत, कायम ठेवले. म्हणून विवाह आणि वारसा यांचे नियम गोव्यातल्या हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांना बहुतांशी सारखे आहेत. बहुतांशी हा शब्द फळ्यावर अधोरेखित करा, कारण अपवाद आहेत. १८८० च्या हुकूमनाम्याने इथल्या हिंदूंच्या काही रूढी राखल्या होत्या. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको दोघांची मालमत्ता एकत्र होते आणि दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा. मुलांना मृत्युपत्राने पूर्णपणे वगळता येत नाही, इस्टेटीच्या अर्ध्या भागावर त्यांचा हक्क राखीव असतो. लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवावंच लागतं. आपल्याकडे ‘सही’ झाली का, हा प्रश्न मुहूर्ताआधी विचारतात तो याचसाठी. वारशाचा भाग आता गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्यात आला आहे, तो २०१६ पासून अमलात आहे, आणि वाटण्यांची ‘इन्व्हेंटरी’ त्याच कायद्याखाली चालते.

परीक्षेत काय लिहायचं हे मूल विचारेलच. मी सांगतो तो नियम असा: प्रश्नात हिंदू विवाह अधिनियम असेल तर तोच लिहा, गोव्याचा नाही. प्रश्न समान नागरी कायद्यावर किंवा अनुच्छेद ४४ वर असेल तर गोव्याचं उदाहरण द्या, आणि सोबत २०१९ चा जोझे पावलो कुटिन्यो खटला लिहा. त्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारशाला गोव्याचीच संहिता लागू. उर्वरित देशातली मुलं हे उदाहरण पुस्तकातून लिहितात, आपल्या मुलांनी ते घरातून लिहावं.

या धड्यात एक काळजी घ्या. वर्गात कोणाच्या घरी वाटण्यांचा दावा चालू आहे, कोणाचे आई-वडील वेगळे राहतात, हे आपल्याला माहीत नसतं. "तुमच्या घरात कसं आहे?" असं विचारू नका. बनावट कुटुंब फळ्यावर काढा: आजोबा, दोन मुलगे, एक मुलगी, एक माड असलेलं भाट, म्हणजे बागायत.

सहावी पायरी: वर्गाबाहेर

वीस गुणांच्या प्रकल्पासाठी इंटरनेटवरून उतरवलेला बालमजुरीचा तक्ता दरवर्षी येतो. त्याऐवजी मुलांना आपल्या पंचायतीच्या ग्रामसभेला बसवा. सहसा रविवारी असते, गावात असते, पैसे लागत नाहीत. कोणी काय विचारलं, सरपंचांनी काय उत्तर दिलं, कुठल्या कायद्याचा उल्लेख झाला, ठराव कसा मांडला, एवढं लिहून आणायचं. १९९४ च्या गोवा पंचायतराज कायद्याची दोन-तीन कलमं शेजारी ठेवली की प्रकल्प तयार. सुपाऱ्या-नारळ, सांडपाणी, मेगा प्रोजेक्टचा वाद, विषय काहीही निघू शकतो, आणि तावातावाने निघतो.

पणजीजवळ असाल तर पाटो इथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय दाखवा, मूळ संस्था १८३२ ची. न्यायालय पाहायचं तर आधी लेखी अर्ज करा. मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ आता पर्वरीला आहे. जमलं नाही तर वर्गातल्या पडद्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाची सुनावणी दाखवा, २०२२ पासून ती थेट प्रक्षेपित होते. पहिली दहा मिनिटं मुलं कंटाळतात. मग एखादे न्यायाधीश वकिलाला मध्येच तोडतात आणि वर्ग जागा होतो.

विधी सेवा प्राधिकरणाचे लोक शाळेत येतात, बोलवायला फक्त पत्र लागतं. ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन, त्याच्या आगेमागे बोलवा. १५१०० हा मोफत क्रमांक आणि १९८७ च्या कायद्याचं कलम १२, ज्यात स्त्रिया आणि मुलं उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेमदतीला पात्र आहेत, हे दोन्ही मुलांच्या वहीत असू द्या. ते परीक्षेलाही येतं आणि घरीही लागतं.

प्रकल्पात गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलांना भेटायला पाठवू नका, आणि कुठल्याही अहवालात बालकाचं नाव, शाळा, फोटो येऊ देऊ नका. बाल न्याय कायद्याने आणि पोक्सोने (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने) ओळख उघड करायला मनाई केलेली आहे. मुलांना माहीत नसतं, शिक्षकाला माहीत हवं.

सातवी पायरी: उजळणी

दिवाळीनंतर नवीन काही शिकवायचं राहिलं असेल तर ते उरकून टाका आणि उजळणीला लागा. पहिला महिना नमुना प्रश्नपत्रिका. पण मुलांना प्रश्नपत्रिका आणि गुणदान योजना एकत्र देऊ नका. आधी लिहू द्या, मग योजना हातात देऊन एकमेकांचे पेपर तपासू द्या, लाल पेनाने. दुसऱ्याच्या उत्तरात गुण शोधताना मुलं जेवढं शिकतात तेवढं माझ्या तासात शिकत नाहीत, हे मी मान्य केलेलं आहे.

प्रसंगावर आधारित प्रश्नाचं उत्तर चार टप्प्यांत लिहायला शिकवा: मुद्दा, नियम, प्रसंगाला लागू, निष्कर्ष. एक उदाहरण. सतरा वर्षांच्या मुलाने म्हापशात हप्त्याने मोबाइल घेतला, दोन हप्ते भरले आणि थांबला. दुकानदार दावा लावू शकतो का? बहुतेक मुलं लिहितात: "मुलगा लहान आहे म्हणून करार चुकीचा आहे." एवढ्याला गुण कुठून द्यायचे? असं हवं: मुद्दा असा की अल्पवयीनाशी झालेला करार न्यायालयात चालतो का. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ११ नुसार करार करणारा सज्ञान हवा, आणि मोहरी बीबी खटल्याने असा करार मुळातच शून्य ठरवला. इथे मुलगा सतरा वर्षांचा, म्हणून उरलेल्या हप्त्यांसाठी कराराच्या आधाराने दावा टिकणार नाही. मात्र मोबाइल ही कलम ६८ मधली गरजेची वस्तू ठरली तर दुकानदाराला मुलाच्या मालमत्तेतून वाजवी रक्कम मागता येईल. शेवटचं वाक्य लिहिणारं मूल वेगळं उठून दिसतं. मोबाइल गरजेची वस्तू आहे की नाही, यावर आमच्या वर्गात अर्धा तास गेला आणि एकमत झालं नाही. सगळे पालक एका बाजूला असते, एवढं नक्की.

लॅटिन सूत्रांसाठी जुने कॅलेंडरचे कागद कापून पत्ते करा, एका बाजूला सूत्र, दुसऱ्या बाजूला गावातलं उदाहरण. बसमध्ये पाठ होतात. याहून जास्त वेळ त्यांना देऊ नका.

पुढे वकिलीच करायची असेल तर बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, गोव्यात मिरामारला आणि मडगावला जुनी कायदा महाविद्यालयं आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही प्रवेशपरीक्षा: १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. तिथे पाठांतर विचारत नाहीत, उतारा देतात आणि त्यातलाच नियम लावायला सांगतात. नारळाचे पाच तुकडे पाडलेल्या मुलाला ही परीक्षा परकी वाटत नाही. इंग्रजी वाचनाचा वेग मात्र वेगळा कमवावा लागतो, त्यासाठी नववीपासून रोज एक संपादकीय.

पेपरच्या आदल्या आठवड्यात मी एकच कागद देतो. पुढच्या बाजूला वीस खटल्यांची नावं, सालं आणि प्रत्येकासमोर तीन शब्द. मागच्या बाजूला नव्या कलमांचे क्रमांक. त्याच्या खाली रिकामी जागा असते, तिथे मुलांनी आपण तीनदा चुकलेली गोष्ट स्वतःच्या हाताने लिहायची. गेल्या वर्षी बावीसपैकी चौदा कागदांवर तिथे एकच शब्द होता: परंतुक.